‘हाउएव्हर’ आणि फुटके पापड

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या. आज आम्ही पापडाबद्दल बोलणार आहोत आणि इंग्रजीतल्या स्वल्पविरामाबद्दलही. या दोघांची गाठ कशी पडली, ते आधी सांगतो.

आमच्या गटात अकरा जणी. उडदाचे पापड, तिखट, काळा मसाला असा आमचा माल. मागच्या वर्षी प्रदर्शनात आमचे पापड बंगळुरूच्या एका दुकानदारांनी खाल्ले आणि तिथंच एकशेवीस किलोंची मागणी दिली. चाळीस किलो लगेच, ऐंशी किलो दिवाळीच्या आधी. त्यांना मराठी येत नाही, आम्हाला कानडी येत नाही, हिंदी दोन्हीकडे मोडकीतोडकी. मग पत्रव्यवहार इंग्रजीतच ठरला. तसंही इंग्रजी आता आपल्याला टळत नाही. पाकिटाच्या लेबलावरची माहितीसुद्धा इंग्रजीत नाहीतर देवनागरी हिंदीत असावी लागते, मराठी त्याच्या जोडीला चालते. नियमच तसा आहे.

पहिले चाळीस किलो गेले. त्यातले सहा किलो फुटके निघाले. दुकानदारांनी मेल करून विचारलं, पॅकिंग कसं केलं होतं? उत्तर लिहायचं काम आमच्यातल्या बीए झालेल्या बाईवर आलं. म्हणजे आता जी बोलतेय तिच्यावरच. सगळ्या भोवती बसलेल्या, प्रत्येकीची एकेक सूचना. आम्हाला म्हणायचं होतं ते असं: मात्र, आम्ही पापड नीट बांधून देतो. ते टेम्पोत फुटतात. ‘मात्र’ला इंग्रजीत ‘हाउएव्हर’ म्हणतात हे शाळेपासून पाठ. तेव्हा आम्ही लिहिलं,

‘हाउएव्हर वी पॅक द पापड्स, दे ब्रेक इन द टेम्पो.’

मोठ्या अभिमानाने पाठवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं. दोन ओळींचं. तुम्ही म्हणता तसं असेल तर उरलेले ऐंशी किलो आम्ही घेऊ शकत नाही, क्षमस्व. किलोला तीनशे धरले तरी चोवीस हजारांचा माल. उडदाचं पीठ आणून ठेवलेलं, पापडखार आणलेला, दोघींनी तर त्या भरवशावर गटातून कर्ज उचललेलं. बैठकीत कुणी बोलेना. आमच्या मावशी तेवढ्या म्हणाल्या, “पोरी, तू लिहिलंस तरी काय त्यांना?”

काय लिहिलं ते आम्हालाही कळेना. शेवटी एकीच्या मुलाने आमचंच वाक्य मोबाइलात घातलं आणि त्याचं परत मराठी करून घेतलं. मोबाइल म्हणाला: ‘आम्ही पापड कसेही पॅक केले तरी ते टेम्पोत फुटतात.’

आता सांगा, तुम्ही दुकानदार असता तर घेतले असते का असे पापड?

चूक कुठे झाली? शब्द सगळे बरोबर होते. स्वल्पविराम एकच होता, पण तो ‘हाउएव्हर’च्या मागे हवा तिथे नव्हता, पुढे जाऊन बसला होता. इंग्रजीत ‘हाउएव्हर’ या शब्दाचे दोन संसार आहेत. एक ‘मात्र’ असा. दुसरा ‘कसंही केलं तरी’ असा. त्याच्यापाठी स्वल्पविराम असला, वाचणारा क्षणभर थांबला, की ‘मात्र’. न थांबता पुढे गेला की ‘कसंही’. ‘हाउएव्हर, वी पॅक द पापड्स.’ ऐका, आम्ही थांबलो. ‘हाउएव्हर वी पॅक द पापड्स’. आता थांबलो नाही. रेडिओवर स्वल्पविराम दिसत नाही, पण ऐकू येतो, म्हणून हा विषय इथे सांगायला सोपा आहे.

त्याच संध्याकाळी आम्ही हायस्कूलच्या इंग्रजीच्या बाईंकडे गेलो. चहा झाला, पत्र वाचून झालं. बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाल्या, “ताई, तुम्ही मराठीत बोलताना हे बरोबर करता. तेच तिकडे न्यायचं.” आणि त्यांनी मराठीतूनच सुरुवात केली.

‘खरं सांगते, ती बोलली.’ आणि ‘ती खरं बोलली.’ दोन्हीकडे ‘खरं’ आहे. पण पहिल्या वाक्यात खरेपणा सांगणारीचा आहे. ती बाई तिथे खोटंही बोलली असेल! दुसऱ्या वाक्यात खरेपणा तिच्या बोलण्याचा आहे. तसंच, ‘उघड आहे, त्यांनी पैसे दिले’ आणि ‘त्यांनी उघड पैसे दिले’. पहिल्यात आपण अंदाज बांधतोय, दुसऱ्यात पैसे चारचौघांत दिले गेलेत. एक शब्द वाक्याच्या बाहेर उभा राहून सगळ्या वाक्याबद्दल बोलतो, दुसरा वाक्याच्या आत शिरून फक्त क्रियापदाला चिकटतो. बाहेर उभा असलेल्या शब्दाला इंग्रजी उंबरठा लागतो, तो उंबरठा म्हणजे स्वल्पविराम.

आता हेच इंग्रजीत बघा. ‘फ्रँकली, शी स्पोक टू द मॅनेजर.’ म्हणजे स्पष्टच सांगायचं तर ती मॅनेजरशी बोलली. स्पष्टपणा आपला. ‘शी स्पोक टू द मॅनेजर फ्रँकली.’ म्हणजे ती मॅनेजरशी मोकळेपणाने, न घाबरता बोलली. इथे स्वल्पविराम नाही. ‘क्लिअरली, शी रोट द अमाउंट’ म्हणजे दिसतंच आहे की रक्कम तिनेच लिहिली. बँकेत सही-शिक्क्याचा घोळ झाला असेल तर हे वाक्य तिच्यावर बोट ठेवतं. ‘शी रोट द अमाउंट क्लिअरली’ म्हणजे तिने रक्कम सुवाच्य अक्षरात लिहिली. हे झालं तिचं कौतुक. हातात तेच पाच शब्द, एकदा आरोप, एकदा शाबासकी.

बाईंनी ओळखायची एक खूण दिली. शब्द काढा आणि त्याच्या जागी ‘गोष्ट अशी की’ लावून बघा. ‘अनफॉर्च्युनेटली, टू मेंबर्स वर इल.’ दुर्दैवाची गोष्ट अशी की दोघी आजारी होत्या. बसलं. मग तो बाहेरचा शब्द, स्वल्पविराम द्या. ‘शी वर्क्ड केअरफुली.’ काळजीची गोष्ट अशी की तिने काम केलं? छे, अर्थच बिघडला. तिने काम कसं केलं? काळजीपूर्वक. ‘कसं’ या प्रश्नाचं उत्तर मिळालं की तो आतला शब्द. आतल्याला स्वल्पविराम नको.

ही खूण आम्ही लगेच आमच्या लेबलावर लावून बघितली आणि तिथेही खड्डा निघाला. तिखटाच्या पाकिटासाठी एक ओळ लिहून ठेवली होती: ‘नॅचरली, अवर चिली पावडर इज रेड.’ आम्हाला म्हणायचं होतं की रंग घातलेला नाही, मिरचीचाच लाल रंग आहे. पण त्या स्वल्पविरामाने झालं काय, ‘अर्थातच, आमचं तिखट लाल आहे.’ तिखट लाल नाही तर काय निळं असणार? बाईंनी तो शब्द उचलून आत नेला. ‘अवर चिली पावडर इज नॅचरली रेड.’ आता रंग निसर्गाचा झाला. छापखान्यात जायच्या आधी सापडलं म्हणून बरं, नाहीतर दोन हजार पाकिटं तशीच छापली गेली असती.

इथे आमच्या सचिवताईंना प्रश्न पडला. म्हणाल्या, “आपल्या आज्या-पणज्यांचं या टिकल्यांवाचून काही अडलं नाही, मग आता काय एवढं?” प्रश्न रास्त आहे. जुनी मोडी कागदपत्रं कुणाच्या घरात असतील तर काढून बघा. एका दमात लिहिलेली ओळ, शब्दसुद्धा तोडलेले नसतात, स्वल्पविराम तर दूरच. पोथीत ओवी संपली की उभी रेघ, बास. आज आपण मराठीत वापरतो ती विरामचिन्हं इंग्रजांच्या काळात, एकोणिसाव्या शतकात आली. त्याचं मोठं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना देतात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाच्या कामात होते तेच हे. म्हणजे स्वल्पविराम आपल्याकडे इंग्रजीतूनच माहेरवाशिणीसारखा आला, आणि आपण त्याला जरा सैलसर ठेवला. मराठीत ‘सुदैवाने ती वाचली’ असं स्वल्पविरामावाचून सर्रास लिहितात आणि कुणाचं काही बिघडत नाही. तीच सवय आम्ही इंग्रजीत नेली आणि चोवीस हजारांना बसली.

आणि आम्हीच एकट्या नाही बरं का. अमेरिकेत मेन नावाच्या राज्यात ओकहर्स्ट डेअरी म्हणून एक दूध कंपनी आहे. तिथल्या ड्रायव्हर लोकांनी जादा वेळेच्या पगारासाठी दावा लावला. कोणत्या कामांना जादा पगार लागू नाही, त्याची कायद्यात एक यादी होती, आणि त्या यादीत शेवटाला एक स्वल्पविराम नव्हता. त्यामुळे माल पोचवायचं काम त्या यादीत येतं की नाही, हेच स्पष्ट होईना. 2017 मध्ये अपील न्यायालयाने ड्रायव्हरांच्या बाजूने निकाल दिला आणि 2018 मध्ये कंपनीने पन्नास लाख डॉलरवर तडजोड केली. तो स्वल्पविराम वेगळ्या जातीचा, यादीतला. आमचा ‘हाउएव्हर’चा. पण ही हकिकत ऐकल्यावर सचिवताईंनी वही काढली आणि लिहून घ्यायला लागल्या.

बाहेरचा शब्द नेहमी वाक्याच्या सुरुवातीलाच येतो असं नाही. मधेही येतो, आणि मधे आला की त्याला दोन स्वल्पविराम लागतात, दोन्ही बाजूंनी. ‘द बॉक्सेस, हाउएव्हर, वर ड्राय.’ खोकी मात्र कोरडी होती. एकच दिला तर पिशवीचा एक बंद धरून चालल्यासारखं होतं, सगळं एका अंगाला कलंडतं. आम्ही आमची जुनी पत्रं काढून बघितली, तर सात ठिकाणी एकच बंद धरलेला. शेवटी आला तर त्याच्या आधी एक. ‘वी गॉट द मनी, फॉर्च्युनेटली.’ पैसे मिळाले, नशीब. असं आपण बोलतोच की.

आता सगळ्यांत जास्त चुका होतात ती जागा. दोन पुरी वाक्यं ‘हाउएव्हर’ने जोडायची. ‘वी सेंट द गुड्स, हाउएव्हर, द पेमेंट डिड नॉट कम.’ दिसायला ठीक दिसतं, पण चुकीचं. दोन शेतांच्या मधल्या बांधावर बांधलेली शेळी नेमकी कुणाची, तसं होतं. ‘हाउएव्हर’ मागच्या वाक्याचा की पुढच्या? बाई म्हणाल्या, “तुम्हाला पूर्णविराम परवडतो ना? मग तोच द्या.” ‘वी सेंट द गुड्स. हाउएव्हर, द पेमेंट डिड नॉट कम.’ पूर्णविरामाच्या जागी अर्धविराम, म्हणजे वर टिंब आणि खाली स्वल्पविराम, तोही चालतो. पण आम्ही त्या वाटेला जात नाही. साधा ‘बट’ वापरलात तर नियम उलटा: स्वल्पविराम ‘बट’च्या आधी, मागे काही नको. ‘वी सेंट द गुड्स, बट द पेमेंट डिड नॉट कम.’ आमचं मत विचाराल तर व्यवहाराच्या पत्रात ‘बट’च बरा. ‘हाउएव्हर’ आम्ही वापरला तो मोठा शब्द वापरला की समोरच्यावर वजन पडतं म्हणून. पडलं ते आमच्याच डोक्यावर.

सगळ्याच शब्दांचे इतके लाड नसतात. ‘परहॅप्स’ म्हणजे कदाचित, त्याच्यापाठी स्वल्पविराम दिला काय, न दिला काय. ‘प्रॉबॅब्ली’ वाक्याच्या पोटात आला तर सहसा देत नाहीत. ‘देअरफोर’ म्हणजे म्हणून. सुरुवातीला आला तर द्यावा. पण अर्जात आपण लिहितो ना, ‘वी देअरफोर रिक्वेस्ट यू’, सबब विनंती की, तिथे न देता लिहायची रीत आहे आणि ती चांगली आहे. आणखी एक, ‘काइंडली’. ‘काइंडली सेंड द पेमेंट.’ इथे स्वल्पविराम घालू नका. बऱ्याच जणी घालतात, आम्हीही घालायचो. तो शब्द म्हणजे आपलं ‘कृपया’, पाठवण्याच्या क्रियेलाच चिकटलेला. त्याला बाहेर उभा करायचं कारण नाही.

आणि ‘होपफुली’. या शब्दाने इंग्रजीवाल्यांतच भांडणं लावली. मूळ अर्थ ‘आशेने’. ‘शी वेटेड होपफुली’, ती आशेने वाट बघत राहिली. पुढे लोक म्हणायला लागले, ‘होपफुली, द बस विल कम.’ म्हणजे बस येईल अशी आशा आहे. जुन्या वळणाची माणसं चिडली. आशा कोण करतंय, बस? 1960च्या दशकापासून हा वाद चालू होता. असोसिएटेड प्रेस म्हणून मोठी वृत्तसंस्था आहे, तिच्या लेखनाच्या नियमपुस्तकाने 2012 मध्ये हा वापर मान्य केला. आपण वापरायला हरकत नाही, मागे स्वल्पविराम मात्र द्यायचा. पण आम्हाला त्या चिडलेल्या लोकांचं जरा पटतं. त्या शब्दात आशा कुणाची, ते कळतच नाही. कर्जाच्या अर्जात ‘होपफुली, वी विल रिपे’ लिहू नका. बँकवाला म्हणेल, नुसती आशाच आहे होय?

तर त्या रात्री बाईंच्या ओट्यावर बसून आम्ही दुसरं पत्र लिहिलं. बाईंनी एक शब्दही सांगितला नाही, फक्त वाचताना जिथे थांबल्या नाहीत तिथे आम्ही चूक शोधली. पत्राचा मराठीत मतलब असा: मागच्या पत्रात आमची भाषेची चूक झाली, माफ करा. आम्ही पापड जाड खोक्यांत भरले होते. दुर्दैवाने, टेम्पोत त्यांच्यावर जड पोती ठेवली गेली. पुढची खेप आम्ही, मात्र, पत्र्याच्या डब्यांतून पाठवू शकतो. सबब विनंती की आधी फक्त वीस किलो घेऊन बघावे.

इंग्रजीत ‘अनफॉर्च्युनेटली’पाठी एक स्वल्पविराम. ‘वी कॅन, हाउएव्हर, सेंड’ याला दोन. ‘वी देअरफोर रिक्वेस्ट’ याला एकही नाही. आणि पाठवायच्या आधी मोबाइलात घालून परत मराठी करून ऐकलं. ही युक्ती फुकटची आहे, तुम्हीही करा. मोबाइल सगळं बरोबर सांगतो असं नाही, पण आपलं वाक्य आपल्याला परक्याच्या तोंडून ऐकू येतं आणि कान टवकारतात. दुसरी सवय आम्ही लावून घेतली ती मोठ्याने वाचायची. एकीने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, इंग्रजी येवो न येवो. आमच्या मावशी चौथी शिकलेल्या. त्या डोळे मिटून ऐकतात आणि म्हणतात, “इथं तू अडखळलीस.” दहांतल्या सात वेळा तिथे खरंच स्वल्पविराम राहिलेला असतो.

दुकानदारांनी वीस किलो घेतले. डबे आम्ही गोडेतेलाचे, धुऊन, उन्हात वाळवून वापरले. तळाला आणि वरती कागदाची घडी. एकच पाकीट फुटलं. पैसे आठव्या दिवशी खात्यावर आले आणि कर्ज उचललेल्या दोघींचा हप्ता त्यातून भागला. दिवाळी मात्र निघून गेली, आणि साठ किलोंचं पीठ आम्ही आठवडी बाजारात आणि शेजारच्या दोन गावांत पापड करून, घरोघरी फिरून विकलं. भाव कमी मिळाला.

परवा त्यांचं नवं पत्र आलं. उरलेल्या साठ किलोंबद्दल. एवढंच लिहिलंय: ‘होपफुली, वी विल ऑर्डर इन जॅन्युअरी.’ स्वल्पविराम जिथे पाहिजे तिथे आहे. आम्ही बैठकीत मोठ्याने वाचून दाखवलं, मराठीत सांगितलं. मावशींनी डोळे उघडले आणि विचारलं, “म्हणजे आशा त्यांनी करायची का आपण?”

ते विचारायला आम्ही आज पत्र लिहितोय. उडीद आणायचे की नाही, ते उत्तर आल्यावर ठरवू.